दात ठणकण्याआधी आणि ठणकल्यावर : भोकरदन तालुक्यातल्या वस्त्यांसाठी

दातदुखी बहुतेक वेळा रात्रीच उठते. त्याला कारण आहे. माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि किडलेल्या दाढेतली सुजलेली नस जास्त ठणकते. मग घरात लवंग शोधली जाते, शेजारच्या घरून एखादी गोळी आणली जाते. सकाळी दुखणं उतरतं आणि माणूस कामावर जातो. रोज बुडवून दाढेसाठी तालुक्याला कोण जाणार? असं तीन-चार वेळा होतं. एक दिवस अचानक दुखायचं थांबतं आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. खरं तर त्या दिवशी दाढ बरी झालेली नसते, तिची नस मेलेली असते. पुढे गाल सुजतो, आणि जे काम एका छोट्या भरणीत झालं असतं ते दाढ काढण्यावर जातं.

भोकरदन, जाफ्राबाद भागातल्या वस्त्यांमध्ये फिरताना आम्हाला ही गोष्ट इतक्या घरांत ऐकायला मिळाली, की एकदा हे सगळं एका जागी लिहून ठेवावं असं वाटलं. हा लेख मुख्यतः तरुणांसाठी आहे. म्हाताऱ्या आजीला घाटीत घेऊन जाणारे, केसपेपर काढून रांगेत उभे राहणारे तेच असतात.

दातकाडीचा नियम

आपल्याकडे दातांची निगा ही नवी शहरी गोष्ट नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दातकाडीचा प्रसंग आहे. भिक्खू दातकाडी चावत नव्हते आणि त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येत होती. ही गोष्ट तथागतांपर्यंत गेली तेव्हा त्यांनी दात न घासण्याचे पाच तोटे आणि घासण्याचे पाच फायदे सांगितले आणि दातकाडी वापरायला परवानगी दिली. तोंडाचा वास आणि अन्नाची चव या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. पुढचा भाग आम्हाला जास्त आवडतो. काही भिक्खूंनी लांबलचक दातकाड्या घेऊन श्रामणेरांना मारायला सुरुवात केली, म्हणून दातकाडी आठ अंगुळांपेक्षा लांब नको असा नियम झाला. नंतर एकाच्या घशात फार छोटी काडी अडकली, म्हणून ती चार अंगुळांपेक्षा छोटीही नको असं ठरलं. अनुभव आला तसा नियम सुधारला. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग यानेही इथल्या विहारांतल्या दातकाडीची नोंद केली आहे.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांमध्ये या गावचे लोक होते, तिथल्या शिलालेखांत गावाचं नाव आहे. इथल्या उत्खननात हस्तिदंताची स्त्रीमूर्तीही मिळाली आहे, आणि इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडलेल्या मूर्तीशी तिचं साम्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावातून हत्तीच्या दाताचं काम इतक्या दूरवर ओळखीचं होतं. माणसाच्या दाताची सोय मात्र आजही शोधत फिरावी लागते, ती कशी शोधायची ते पुढे येईलच.

लिंबाची किंवा बाभळीची काडी आजही वापरणारे आहेत. ती मऊ होईपर्यंत चावून दातांच्या आतल्या बाजूलाही नीट फिरवली तर वाईट नाही. पण तिच्यात फ्लोराइड नसतं, आणि कीड अडवायला ते लागतं. राख, कोळसा, विटेची पूड, जाड मीठ यांनी मात्र दात घासू नयेत. दात चमकतात, पण वरचं कठीण आवरण झिजतं आणि मग गार पाणीही सणकतं.

कीड म्हणजे काय

दाताला लागलेली कीड म्हणजे अळी नव्हे. कानात धुरी देऊन किंवा नळीने दातातली अळी काढून दाखवणारे अजूनही बाजारच्या दिवशी बसतात. तो हातचलाखीचा धंदा आहे. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने दात विरघळतो. गोड किती खाल्लं यापेक्षा ते किती वेळा खाल्लं, हे इथे जास्त महत्त्वाचं आहे. दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्किट म्हणजे दातावर सहा वेळा आम्लाचा मारा. लाळ हे नुकसान थोडंफार भरून काढते, पण तिला मध्ये वेळ मिळायला हवा. रात्री झोपेत लाळ कमी असते, त्यामुळे बाळाला साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं सगळ्यात वाईट. अशा बाळांचे वरचे पुढचे दात दोन-अडीच वर्षांतच काळे पडून तुटतात.

म्हणून सकाळपेक्षा रात्रीचं घासणं महत्त्वाचं. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं. पेस्ट महागच हवी असं नाही. पाकिटावर फ्लोराइडचं प्रमाण पाहा, १००० पीपीएमच्या आसपास असेल तर पुरे. आपल्याकडे कायद्याने त्याहून जास्त चालत नाही आणि प्रमाण छापणं बंधनकारक आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट बस्स. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात ती विकण्यासाठी. घासून झाल्यावर थुंका, पण दहा वेळा खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड थोडा वेळ दातावर राहू द्या.

गावात फक्त बोअरचं पाणी पीत असाल तर ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल मागा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असेल तर लहान मुलांच्या येणाऱ्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत.

आणखी एक गोष्ट आईबापांना जरूर सांगा. साधारण सहाव्या वर्षी मुलाच्या जबड्यात सगळ्यात मागे एक दाढ येते. तिच्या जागचा दुधाचा दात पडलेला नसतो, म्हणून ‘ही पण दुधाचीच, पडेल’ असं समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ती कायमची दाढ असते. बाराव्या-पंधराव्या वर्षी जी दाढ काढावी लागते ती बहुतेक वेळा हीच.

मिश्री, पुडी आणि न उघडणारं तोंड

इथे आम्हाला जरा जास्त बोलायचं आहे, कारण दात गेले तर कवळी बसते, गाल आणि जबडा गेला तर तसं काही नाही.

२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यात धूर ओढणाऱ्यांपेक्षा तोंडात ठेवणारे कितीतरी जास्त. आपल्या बायांमध्ये हे मिश्रीच्या रूपात आहे. तंबाखू तव्यावर भाजायची, पूड करायची आणि दात घासायच्या निमित्ताने लावायची. दिवसातून एकदा नव्हे, तीनदा-चारदा. ऊसतोडीला गेलेल्या, कापूस वेचणाऱ्या बाया सांगतात की मिश्री लावली की भूक मरते आणि दात दुखत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच ती सुटत नाही. त्या बाईला ‘घाणेरडी सवय’ म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी तिच्या दुपारच्या जेवणाची चौकशी करावी. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर तो कायदा पोचत नाही.

पोरांमध्ये पुडी. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली आली. मग सुगंधी सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी विकली जाऊ लागली, दोन्ही हातावर एकत्र केल्या की झालं. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ असं सांगणारे बरेच भेटतात. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेलं आहे. सुपारीमुळे गालाच्या आतलं कातडं हळूहळू कडक होतं, तिखट सोसत नाही, आणि तोंड उघडणं कमी होत जातं. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीच्या मुलखातल्या पोराला भाजीचं तिखट झोंबायला लागलं, तर ती पहिली खूण समजा.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं जात नसतील तर दवाखाना गाठा. शिवाय तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण हललेला दात, मानेत गाठ, यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका. पुडी जिथे दाबून ठेवता ती जागा आरशात उजेडात पाहा. कडक झालेलं कातडं पूर्ववत होत नाही, पण पुडी सोडली तर पुढचं नुकसान थांबवता येतं. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत फोनसेवा आहे.

आमच्याच लोकांना एक बोलायचं आहे. विहारात पंचशील घेताना पाचवं शील म्हणायचं आणि बाहेर चपला घालता घालता पुडी फोडायची, हे आपण रोज पाहतो. दारूपुरतं ते शील आहे अशी पळवाट काढणारेही आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत पाण्याच्या पाकिटाबरोबर पुड्या वाटल्या जाणार नाहीत एवढं तरी मंडळांनी ठरवावं.

कुठे जायचं, किती पैसे लागतील

पहिली पायरी सरकारी रुग्णालयाची. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, भोकरदनचं ग्रामीण रुग्णालय आणि जालन्याचं जिल्हा रुग्णालय. दाताचे डॉक्टर सगळीकडे रोज बसतात असं नाही, म्हणून निघण्याआधी वार आणि वेळ विचारून घ्या. दात काढणं, साधी भरणी, हिरड्यांची सफाई ही कामं अशा ठिकाणी व्हायला हवीत.

रूट कॅनॉल, कवळी, वेडीवाकडी अक्कलदाढ, जबड्याचं काम असेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय. ते घाटीच्या परिसरात आहे आणि १९८२पासून चालू आहे. ते वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, त्यामुळे वरची मोफत योजना तिथे तशीच लागू नाही. केसपेपर, एक्स-रे आणि उपचाराचं ठरावीक शुल्क पडतं, पण खाजगीच्या तुलनेत ते फार कमी असतं. पिवळं रेशनकार्ड असेल तर सोबत न्या आणि सवलत स्वतःहून विचारा, कोणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नका. शहरात खाजगी दंत महाविद्यालयही आहे. कांचनवाडीच्या छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो.

दंत महाविद्यालयात उपचार विद्यार्थी करतात म्हणून लोक बिचकतात. बिचकू नये. प्रत्येक पायरीवर शिक्षक तपासून पुढे जायला सांगतात. फरक वेळेचा आहे. खाजगीत एका बैठकीत होणाऱ्या कामाला इथे तीन-चार चकरा पडतात. मजुरी बुडवून चार चकरा मारणाऱ्याला मोफत उपचारही महाग पडतो, ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर आम्ही दोन उपाय वापरतो. एक, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना ‘आम्ही भोकरदनहून येतो, एका दिवसात जास्तीत जास्त काम करा’ असं स्पष्ट सांगायचं. बरेच डॉक्टर ऐकतात. दोन, नागसेनवनात शिकायला राहणाऱ्या आपल्या पोरांना आधी फोन करायचा. त्यांना घाटी जवळ आहे. कोणी सकाळी नोंदणीच्या खिडकीवर भेटलं तर गावाकडच्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, तेव्हा आजीच्या उपचाराचा खर्च सोबत जाणाऱ्या नातवाच्या तिकिटावरच येतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्डाबद्दल गैरसमज फार आहेत. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आता ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे. पण तिच्यात भरणी, रूट कॅनॉल, कॅप, कवळी अशी रोजची दाताची कामं बसत नाहीत. अपघातात जबडा मोडला, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करायची आहे, अशा वेळी ती कामाला येते. त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. कर्करोगाच्या उपचारासाठी शहरातच आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, लगेच मुंबईची गाडी पकडायची गरज नाही.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, त्यात दातही येतात. पथक कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारा आणि त्या दिवशी मूल शाळेत असेल असं पाहा. दुभंगलेल्या ओठाचं किंवा टाळूचं बाळ असेल तर याच पथकामार्फत मोफत शस्त्रक्रियेची सोय होते. ते नशिबाचं किंवा ग्रहणाचं फळ नाही, हे घरच्या मोठ्यांना समजावण्याचं काम आपलं. म्हाताऱ्यांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कवळीही आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना ती शिबिरांतून मिळते, नावनोंदणीची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलतीत. भरती होऊन करायचं जबड्याचं काम असेल तेव्हा याचा उपयोग होतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवलेला बरा.

खाजगीत जायचंच असेल तर

घाई असेल, चकरा शक्य नसतील, तर खाजगी दवाखान्यात जावं, त्यात कमीपणा नाही. फक्त खुर्चीत बसण्याआधी खर्च कागदावर मागा. रूट कॅनॉल आणि त्यावरची कॅप यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात आणि लोक फक्त पहिला आकडा ऐकून ‘हो’ म्हणतात. कॅप धातूची, सिरॅमिकची अशी वेगवेगळ्या किमतीची असते. मागच्या दाढेला धातूची चालते, ती दिसतही नाही. ‘आज भरणी केली नाही तर काय होईल, सहा महिने थांबलं तर चालेल का’ हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे. डॉक्टर बीडीएस किंवा एमडीएस आहेत का आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लावलेला आहे का, ते पाहा. रस्त्याकडेला बसून तासाभरात दात बसवून देणारे मसाला लावून खोटा दात शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवतात. त्याखाली अन्न अडकून सडतं आणि वर्षा-दोन वर्षांत चांगले दातही हलायला लागतात.

दोन भीती काढून टाका. वरची दाढ काढली की नजर जात नाही, दाताची नस आणि डोळ्याची नस वेगळी आहे. आणि सफाई केली की दात हलतात हेही खरं नाही. दाताला चिकटलेला दगडासारखा थर हिरडी आधीच सोडवत असतो. तो काढला की दात आधीपासून किती हलत होते ते फक्त समजतं.

थांबू नये अशा वेळा

गालाची सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, ताप आला, तर दाताच्या डॉक्टरची वाट न पाहता १०८ला फोन करून मोठं रुग्णालय गाठा. दाताच्या पूने माणूस दगावू शकतो. सुजेवर गरम शेक देऊ नका. मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, त्याने सूज दबते आणि आतली कीड तशीच राहते. दुखऱ्या हिरडीवर गोळी ठेवून दाबली तर हिरडी भाजते.

मूल पडून कायमचा दात आख्खा बाहेर आला तर तो मुळाला हात न लावता वरच्या टोकाला धरा, घाण असेल तर पाण्याने हलकेच धुवा, जमल्यास जागेवर परत बसवा, नाही तर दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दाताच्या डॉक्टरकडे पोचा. तो दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

साखरेचा आजार असणाऱ्यांनी हिरड्यांकडे जास्त लक्ष द्यावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. गरोदर बाईने दाताचा उपचार टाळू नये, चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा.

शिबिरं आणि त्यानंतर

आम्हीही दंत तपासणी शिबिर घेतलं आहे. बॅनर होता, फोटो झाले, डॉक्टरांनी दीडशे-एक तोंडं पाहिली, पेस्टच्या छोट्या ट्यूब वाटल्या. कोणाच्या तोंडात काय सापडलं याची यादी आम्ही ठेवली नाही. काही महिन्यांनी तिथेच तपासलेल्या एका माणसाच्या तोंडातला चट्टा वाढलेला दिसला. त्याला त्या दिवशी ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ असं सांगितलं गेलं होतं, पण नेणारं कोणी नव्हतं. चूक डॉक्टरांची नव्हती, आमची होती. आता आम्ही यादीशिवाय शिबिर घेत नाही, आणि यादीतल्या प्रत्येक गंभीर नावापुढे सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याचं नाव लिहितो. शिबिरात दीडशेऐवजी चाळीस जण आले तरी चालतील.

आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात दंतचिकित्सकाचं पद मंजूर आहे का, भरलेलं आहे का, दंतखुर्ची चालू आहे का, मागच्या वर्षी किती दात काढले आणि किती भरले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. १० रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही खर्च नाही, आणि ३० दिवसांत उत्तर बंधनकारक. काढलेल्या दातांचा आकडा भरलेल्या दातांपेक्षा फारच मोठा आला, तर ते उत्तर घेऊन रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत जाता येतं.

आता पहिल्यांदाच कोणाला घेऊन जाणाऱ्यासाठी. सकाळची लवकरची गाडी पकडा, नोंदणी दुपारपर्यंत बंद होते. आधारकार्ड, रेशनकार्ड, चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. दात काढायला उपाशी जाऊ नये, भाकरी खाऊन जावं, नाहीतर खुर्चीतच चक्कर येते. काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून ठेवायचा, सारखं थुंकायचं नाही, त्या दिवशी चूळ भरायची नाही, तंबाखू-मिश्री तर निदान आठवडाभर नाहीच. जखमेवर रक्ताची गाठ बसायला हवी. ती निघाली तर दात काढण्यापेक्षा जास्त दुखतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आणि केसपेपर घडी करून रेशनकार्डातच ठेवा, पुढच्या चकरेला तो लागतो.